मागे फिरण्याची मुभा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर हौशी नाटकं बसवली. रंगमंचावर तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता येत नाही, म्हणून नटानं ते जपून टाकावं, असं ते तालमीत सांगायचे. आज मी ज्या कलेबद्दल बोलणार आहे, तिच्यात वाक्य परत घेता येतं. तलवार चालवली, समोरचा पडला, वाईट वाटलं, तर जुना सेव्ह, म्हणजे खेळाची आधी साठवून ठेवलेली स्थिती, लोड करायचा. तो माणूस पुन्हा दारात उभा असतो, त्याला काही आठवत नाही, आणि आपणही काही झालंच नाही असं समजून त्याला नमस्कार करतो. माझं आजचं सगळं बोलणं या एका सोयीभोवती फिरणार आहे.

सभागृहात दोन तऱ्हेचे श्रोते दिसतात. ज्यांनी हे खेळ रात्र रात्र खेळले आहेत ते मागच्या रांगांत, आणि ज्यांच्या घरातली मुलं ते खेळतात ते पुढे. पुढच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. टेबलाभोवती चारपाच जणांनी बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याचं बळ, बुद्धी, चापल्य आकड्यांत मांडायचं, आणि एकानं सूत्रधार होऊन कथा पुढे न्यायची. मोठी गोष्ट करायची तर फासा टाकायचा. हा खेळ संगणकावर आला, तेव्हा सूत्रधाराच्या जागी यंत्र बसलं. त्यातून जो प्रकार घडला तो रोल-प्लेइंग गेम, खेळणाऱ्यांच्या भाषेत आरपीजी. बंदुकीच्या खेळात हात चालतो. इथे हात चालतोच असं नाही. बोलायचं असतं, निवडायचं असतं, कुणाला सोबत घ्यायचं आणि कुणाला वाऱ्यावर सोडायचं हे ठरवायचं असतं.

हा प्रकार कला म्हणावा की नाही, यावर मोठा वाद झाला. ‘शिकागो सन-टाइम्स’चे चित्रपट समीक्षक रॉजर इबर्ट यांचा आक्षेप त्यात सर्वांत वजनदार होता. 2005 मध्ये त्यांनी मांडलं की गंभीर साहित्य आणि चित्रपट लेखकाच्या पकडीवर उभे असतात, आणि गेम तर ती पकड खेळाडूच्या हातात देतो. 2010 मध्ये त्यांनी याच मताचा लांबलचक लेख लिहिला, त्यावर वादळ उठलं, आणि काही महिन्यांनी त्यांनी मान्य केलं की जे खेळ आपण खेळलोच नाही त्यांच्यावर निकाल द्यायला नको होता. मत मात्र त्यांनी मागे घेतलं नाही. मला इबर्ट यांच्याबद्दल आदर आहे, कारण त्यांचा प्रश्न खरा होता. नायकानं कुठे वळायचं हे वाचकच ठरवणार असेल, तर लेखक उरतो कुठे?

माझं उत्तर असं आहे. आरपीजीत लेखकाची सही एकाच जागी स्पष्ट उमटते: खेळाडूला काय परत फिरवता येईल आणि काय येणार नाही, हे ठरवण्यात. निवडी किती दिल्या यावर मी खेळ तोलत नाही. घडून गेलेल्या गोष्टीला त्या खेळानं किती वजन दिलं, यावर तोलतो.

मागे फिरण्याची ही सोय पहिल्यापासून इतकी ऐसपैस नव्हती. 1981 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांचा ‘विझर्ड्री’ आला, ऍपल टू या संगणकावर. सहा जणांची तुकडी घेऊन भुयारात उतरायचं. कुणी मेलं तर त्याला देवळात न्यायचं, पैसे मोजायचे, आणि पुजाऱ्यांनी प्रयत्न करायचा. प्रयत्न फसला तर मृताची राख होते. राखेवरचा प्रयत्नही फसला, तर तो कायमचा गेला. फ्लॉपीवर ही नोंद लगेच उमटायची, म्हणून चलाख पोरं लढाई हातची जातेय असं दिसताच फ्लॉपी ओढून काढत. त्या ओढलेल्या फ्लॉपीत या कलेचा सगळा झगडा मला दिसतो. लेखक म्हणतो, झालं ते झालं. खेळाडू म्हणतो, होऊ देणार नाही.

‘विझर्ड्री’वर जीव टाकणाऱ्यांत जपानचे युजी होरी होते. त्यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ 1986 मध्ये आला. त्या पहिल्या खेळाच्या कार्ट्रिजमध्ये प्रगती साठवायला जागा नव्हती. राजाकडे गेलं की तो 20 अक्षरांचा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगायचा. तो वहीत उतरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की आठवड्याची मेहनत बुडाली. होरींनी मरणाचा नियमही सौम्य केला: नायक पडला तर राजासमोर जागा होतो, निम्मं सोनं जातं, पण कमावलेला अनुभव राहतो. जपानभर हा खेळ घराघरांत गेला, त्यात या सौम्यपणाचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

आणि आपल्याकडे? आमची पिढी सायबर कॅफेत खेळली. तिथे ‘काउंटर-स्ट्राइक’ हा बंदुकीचा खेळ रुजला, आरपीजी नाही. भाषेची अडचण होतीच, पण दुसरं कारण साधं आहे. ज्या खेळाला चाळीस-पन्नास तास लागतात, त्याला उद्या तेच मशीन मिळावं लागतं आणि त्यावरचा आपला सेव्ह शाबूत असावा लागतो. तासावर भाड्यानं घेतलेल्या खुर्चीत बसून कुणाचं दीर्घ चरित्र जगता येत नाही. ज्यांच्या घरी स्वतःचा संगणक होता, त्यांनाच ही कला भेटली. मराठी वाङ्मयीन चर्चेत ती जवळजवळ न येण्याचं मूळ मला इथेही दिसतं.

आता घडून गेलेल्या गोष्टीच्या वजनाकडे परत येऊ. 1997 चा ‘फायनल फँटसी सेव्हन’ घ्या. या खेळात सोबती लढाईत पडला, तर ‘फीनिक्स डाउन’ नावाची वस्तू वापरून त्याला उभं करता येतं. ती दुकानात मिळते, झोळीत ढिगानं असते. मरण म्हणजे किरकोळ खर्च, ही सवय खेळानं आपल्याला नीट लावलेली असते. मग पहिली डिस्क संपता संपता एरिथ ही सोबतीण मारली जाते, आणि झोळीतलं काही उपयोगी पडत नाही. तिला परत आणण्याचा एखादा गुप्त उपाय असलाच पाहिजे, अशा अफवा जगभर फिरल्या आणि मुलं वर्षानुवर्षं तो शोधत राहिली. सवय लावून ती नेमक्या जागी मोडणं ही लेखकाची पकड. इबर्ट यांना हा प्रसंग कुणी हातात कंट्रोलर देऊन दाखवायला हवा होता.

पण तिथे खेळाडू फक्त सोसतो. सोसण्यापलीकडे जाणारा खेळ दोन वर्षांनी आला, आणि माझ्या मते हा प्रकार गद्य साहित्याच्या सर्वांत जवळ पोहोचला तो तिथे. ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’, 1999, ब्लॅक आयल स्टुडिओज, प्रमुख रचनाकार क्रिस अव्हेलोन. संहिता सुमारे 8 लाख शब्दांची. सुरुवातीलाच नायक शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही, आठवण नाही, अंगभर व्रण आहेत आणि पाठीवर स्वतःसाठीच गोंदवून ठेवलेल्या सूचना आहेत. तो मरू शकत नाही. लढाईत पडला की थोड्या वेळानं पुन्हा उठतो. कुठल्याही आरपीजीचा नायक हेच करतो, फक्त तिथे ते खेळाडूला मिळालेल्या सोयीमुळे घडतं. अव्हेलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सोय उचलून कथेच्या काळजात ठेवली. हा माणूस याआधीही अनेक जन्म जगला आहे. एका जन्मात तो प्रेमळ होता, एका जन्मात निव्वळ हिशेबी. डिओनारा नावाच्या मुलीचं प्रेम त्या हिशेबी जन्मानं वापरून घेतलं. ती आता भूत होऊन त्याची वाट पाहते, आणि त्याला तिचा चेहराही आठवत नाही.

यापुढचं सांगितलं तर रहस्य फुटतं. पंचवीसहून अधिक वर्षं झाली आहेत, म्हणून सांगतो. त्याचं प्रत्येक मरण दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातं. तो उठतो तेव्हा कुठेतरी एक अनोळखी माणूस त्याच्या जागी मरतो, आणि त्याची सावली सूड घ्यायला या नायकामागे लागते. खेळभर आपण निर्धास्तपणे मेलो, कधी कोडं सोडवायला मुद्दामही मेलो, कारण मरण फुकट आहे असं वाटत होतं. शेवटच्या किल्ल्यात त्या सावल्या समोर येतात. हे कळण्याच्या क्षणी पोटात जे होतं, ते कादंबरी वाचून होणार नाही, कारण ती मरणं मीच खर्च केलेली असतात. या खेळातली लढाई ओबडधोबड आहे, शेवटाकडचा काही भाग घाईत उरकलेला वाटतो. त्यानं काही बिघडत नाही. मध्यभागी जो विचार आहे तो पूर्ण आहे.

याच्या उलट, नीतीचा हिशेब उघड्यावर मांडणारे खेळ मला पोकळ वाटतात. ‘मास इफेक्ट’च्या तीन भागांत, 2007 ते 2012, चांगुलपणासाठी निळी पट्टी आणि दांडगाईसाठी लाल पट्टी होती. संवादाच्या चक्रावर वरचा पर्याय सौजन्याचा, खालचा कठोर. दोनच दिवसांत खेळाडू वाक्य वाचेनासा होतो; निळं भरायचं की लाल, एवढं ठरवतो आणि डोळे मिटून वरचं बटण दाबतो. त्यातली पात्रं मला आवडतात, काही प्रसंग लख्ख आहेत, पण त्या पट्टीनं खेळाडूच्या सदसद्विवेकाचं काम स्वतःकडे घेतलं.

1985 मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी हेच किती बारकाईनं केलं होतं. त्यांच्या आधीच्या खेळात लोक बिनदिक्कत गावकऱ्यांना लुटून, मारून जिंकत होते, हे पाहून त्यांनी ‘अल्टिमा फोर: क्वेस्ट ऑफ दि अवतार’ लिहिला. त्यात शेवटी मारायला कुणी महाखलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ गुणांत पारंगत व्हायचं, हीच मोहीम. वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. किती नाणी ठेवायची ते आपण सांगायचं. कमी ठेवली तर ती ओरडत नाही, पहारेकरी येत नाही, पडद्यावर काही चमकत नाही. खेळ आत कुठेतरी मुकाट्यानं नोंद करतो. पुढे कधीतरी राजवाड्यातल्या द्रष्ट्याकडे गेलो की आपला प्रामाणिकपणा कुठे आहे ते कळतं.

परंपरेनं ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट आपल्याला माहीत आहे. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. तिथे कवड्या पडतील तसं चढायचं, तसं उतरायचं. कुठल्या घरात जायचं हे खेळणाऱ्याच्या हाती नाही. गॅरियट यांनी कवड्या काढून घेतल्या आणि आंधळ्या बाईसमोर माणसाला एकटं उभं केलं. चाळीस वर्षांपूर्वीची ओबडधोबड चित्रं आहेत, पण नीतीबद्दल इतक्या गांभीर्यानं बोललेले गेम मी फार थोडे पाहिले.

आता मागे फिरण्याकडे पुन्हा येतो, कारण 2015 मध्ये टोबी फॉक्स या तरुणानं या प्रश्नाचं नाक धरलं. त्याचा ‘अंडरटेल’ दिसायला अगदी साधा. प्रत्येक शत्रूला मारता येतं, आणि प्रत्येकाला सोडूनही देता येतं. सुरुवातीला टोरिएल नावाची मायाळू बाई आपल्याला आसरा देते आणि बाहेरच्या धोक्यात जाऊ नको म्हणून दार अडवते. तिला न मारता जाण्याचा मार्ग पटकन सापडत नाही. पुष्कळ खेळाडू तिला मारतात, हळहळतात, जुना सेव्ह लोड करतात आणि यावेळी तिला वाचवतात. समाधानानं पुढे गेलं की फ्लॉवी नावाचं दुष्ट फूल भेटतं, आणि ते सांगतं: तू काय केलंस ते मला माहीत आहे. तिला मारलंस, मग वाईट वाटून मागे गेलास. मी हा प्रसंग पहिल्यांदा खेळलो तेव्हा खुर्चीत सरळ झालो. खेळाबाहेरची, माझी खाजगी म्हणून मी समजत होतो ती कृती खेळानं पाहिली होती.

महाभारताच्या वाचकाला हे नवं वाटू नये. द्यूतात पांडव सगळं हरतात, द्रौपदीला सभेत ओढून आणलं जातं, आणि मग धृतराष्ट्र घाबरून वर देतो. पांडव मुक्त होतात, राज्य परत मिळतं. डाव पुसला गेला. पण सभेनं जे पाहिलं ते कुणी पुसू शकलं नाही, भीमाच्या प्रतिज्ञा कुणी परत घेतल्या नाहीत. लगेच अनुद्यूत होतं, वनवास येतो, आणि अठरा दिवसांचं युद्ध त्या पुसलेल्या डावातूनच उभं राहतं. संपत्ती परत करता येते, अपमानाची आठवण परत घेता येत नाही, हे व्यासांना कळलं होतं. टोबी फॉक्सनं महाभारत वाचलं होतं की नाही हा प्रश्न गौण आहे. खेळाच्या घडणीतूनच तो त्याच ठिकाणी पोहोचला. ‘अंडरटेल’मध्ये सगळ्यांची कत्तल करून शेवट गाठला, तर त्यानंतर कितीही सज्जनपणे खेळलात तरी सुखान्तावर त्याचा डाग राहतो.

अलीकडच्या काळातल्या दोन थोर खेळांची तुलना केल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. 2023 चा ‘बाल्डर्स गेट थ्री’ बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं केला, त्याला त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोच्च मान मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. इतकी माणसं, इतक्या वाटा, इतका जिवंत अभिनय याआधी एका ठिकाणी पाहिला नव्हता. वीस बाजूंचा फासा पडद्यावर खडखडत फिरतो तेव्हा श्वास रोखला जातो. पण आकडा कमी पडला की हात आपोआप जुन्या सेव्हकडे जातो. तळावर विदर्स नावाचा एक प्राचीन सांगाडा असतो. 200 सोन्याच्या नाण्यांत तो मेलेला सोबती उठवून देतो, 100 नाण्यांत पात्राचा पेशा बदलून देतो. सगळं दुरुस्त होतं, म्हणून मनाला काही लागत नाही. पुढे लॅरियननं एकाच सेव्हवर चालणारा ‘ऑनर मोड’ दिला. तो कठीण खेळण्याची हौस असलेल्यांचा पर्याय झाला. कथेला त्यानं नवा अर्थ आणला असं मला वाटत नाही.

दुसरा खेळ 2019 चा ‘डिस्को एलिझियम’, एस्टोनियातल्या रॉबर्ट कुर्वित्झ आणि त्यांच्या लेखक-चित्रकार मित्रांचा. आधी त्यांनी याच कल्पित जगावर कादंबरी लिहिली होती. ती फारशी कुणी घेतली नाही. मग तेच जग त्यांनी खेळात ओतलं, 10 लाखांच्या वर शब्दांत. रेव्हाशोल नावाचं, क्रांती चिरडली गेलेलं बंदराचं शहर. दारूनं स्वतःची ओळखही पुसून बसलेला एक पोलीस, आणि त्याच्या हॉटेलामागच्या झाडावर लटकलेलं एक प्रेत. लढाईची यंत्रणाच नाही. पात्राचे 24 गुण आहेत, आणि ते त्याच्या डोक्यात बोलतात: एक नको ती माहिती पुरवतो, एक दारूकडे ढकलतो, एक गळ्यातल्या टायशीही संभाषण घडवतो. नाटकात स्वगत असतं. इथे एकाच डोक्यात भांडणारी सभा भरलेली आहे.

‘डिस्को’तही कुठेही सेव्ह करता येतं. तरी मी मागे फिरत नाही, आणि ते का, हे मला महत्त्वाचं वाटतं. हॉटेलचं बिल थकलं आहे. व्यवस्थापक पैसे मागतो. पळून जायचा फासा टाकला आणि फसला, तर आपला पोलीस धावता धावता उलटा वळून त्याला शिवीचा हातवारा करतो आणि थेट चाकाच्या खुर्चीतल्या एका वृद्ध बाईवर जाऊन आदळतो. हा फसलेला प्रसंग सफल प्रसंगापेक्षा अधिक काळजीनं लिहिलेला आहे. त्यात हसू आहे, आणि या माणसाच्या दुर्दशेची लाजही आहे. अपयशाच्या वाटेवर लेखकानं इतकं दिलं की परत फिरणं हेच नुकसान वाटावं. बंदी न घालता मोह काढून घेतला. खेळाच्या सुरुवातीला पंख्याला अडकलेला टाय काढताना दुबळं पात्र हृदयविकारानं मरूही शकतं, तेव्हा हे जग लाड करणारं नाही, हेही ध्यानात ठेवावं.

इथे कुणी म्हणेल, दिवसभर राबून रात्री तासभर खेळणाऱ्याला कशाला छळता? सेव्ह ही दया आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. हात थरथरणाऱ्या माणसाला, लहान मूल मध्येच उठेल अशा आईला, कुठेही थांबता आलंच पाहिजे. थांबण्याची मुभा आणि केलेलं पुसण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माणसाच्या आयुष्याचा मान राखते. दुसरी किती द्यायची, हा कलेचा प्रश्न आहे.

जपानच्या योको तारो यांनी 2017 च्या ‘निअर: ऑटोमाटा’मध्ये हा प्रश्न खेळाडूच्याच हातात ठेवला. अखेरच्या शेवटात श्रेयनामावली चालू असताना अक्षरंच गोळ्या झाडू लागतात. एकट्यानं जिंकणं जवळजवळ अशक्य. पुन्हा पुन्हा हरल्यावर जगभरातले अनोळखी खेळाडू मदतीला येतात, आणि आपण तरतो. मग खेळ विचारतो: तुम्हीही कुणा अनोळखी माणसाला अशी मदत कराल का? करायची तर तुमचे सगळे सेव्ह पुसले जातील. आलेली मदत अशाच कुणीतरी आपलं सगळं देऊन पाठवलेली होती, हे तेव्हा उमगतं. मी ‘हो’ म्हटलं. पडद्यावर एकेक नोंद रिकामी होत गेली, आणि तेवढ्यानं तो खेळ माझ्यासाठी विसरण्यापलीकडे गेला.

शेवटी, या सभागृहात जे लिहितात त्यांच्यासाठी. मी ज्यांची नावं घेतली त्यांतला एकही खेळ मराठीत नाही. दहा लाख शब्दांची संहिता कुणी उद्या मराठीत आणेल असं नाही. पण लिहायला सुरुवात करण्यासाठी स्टुडिओ लागत नाही. ‘ट्वाइन’ नावाचं साधन 2009 पासून आहे, क्रिस क्लिमास यांनी केलेलं, मोफत, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी घेतं. एक प्रसंग लिहायचा, त्यातून दोन वाटा काढायच्या, प्रत्येक वाटेला आपला प्रसंग. एकांकिका लिहिणाऱ्याला आठवड्याभरात हात बसेल. त्यात नवी कथा सुरू केली की पानाच्या कडेला मागे जाण्याचा एक बाण आपोआप येतो. तो ठेवताही येतो, काढूनही टाकता येतो. पहिलं वाक्य लिहिण्याआधी तेवढं ठरवा.